चार काडतुसांची मूठ

शॉटगनच्या स्पर्धेत नेम धरण्याइतकाच वेळ काडतुसं भरण्यात जातो. मी परदेशात राहतो; इथल्या कायद्याप्रमाणे आमच्या बंदुकीच्या नळीत पाचच काडतुसं राहतात, आणि एका फेरीत पाडायच्या लोखंडी पाट्या वीस-बावीस असतात. म्हणजे पळता पळता तीन-चारदा भरायचं. ही काडतुसं कमरेच्या पट्ट्यावर ज्या चिमट्यांत अडकवलेली असतात त्यांना आम्ही कॅडी म्हणतो. एका प्रकारच्या कॅडीतून एका वेळी दोन काडतुसं निघतात, दुसऱ्या प्रकारच्या कॅडीतून चार. चारची अर्थातच जलद, पण चारही काडतुसं एका मुठीत मावली तरच.

कोणी कुठली घ्यावी हे ठरवायची माझी एक साधी पद्धत होती. चार नकली काडतुसं मुठीत धरायची, मूठ उलटी करायची आणि हात झटकायचा. खालची जोडी जागेवर राहिली तर चारची कॅडी घ्या. सरकली तर दोनची घ्या आणि त्यात कमीपणा मानू नका. क्लबात येणाऱ्या प्रत्येक नव्या माणसाला मी हे करायला लावत असे. पेनरोजच्या कारखान्यात माझी सगळी नोकरी प्लॅस्टिकचे साचे करण्यात गेली. त्यामुळे चिमटे आणि पकड या बाबतीत क्लबातले गोरे लोकसुद्धा माझा शब्द मानायचे.

एका मुलीला मात्र मी ते करायला लावलं नाही.

ती सोलापूरहून इथे शिकायला आली आणि इथलीच झाली. माल साठवायच्या एका मोठ्या डेपोत ती नोकरी करत होती. अवोन्डेलच्या रविवारच्या बाजारात मेथीची शेवटची जुडी तिने माझ्या बायकोला देऊन टाकली, तिथून ओळख झाली. मी बंदूक चालवतो हे ऐकून ती क्लब बघायला आली आणि रमली. तिच्या परवान्याच्या वेळी, ही मुलगी विश्वासाची आहे का, असं पोलिसांनी मला विचारलं. मी ठामपणे हो म्हणालो. माझ्याबद्दल तिला कोणीच विचारलं नाही.

दुसऱ्या वर्षी ती मला मागे टाकू लागली. नेम माझ्यापेक्षा शांत, पाय हलके. मी तेव्हा एकोणसत्तर वर्षांचा होतो. आमच्या क्लबचा चौघांचा संघ पोरिरुआ शहरातल्या मोठ्या सामन्याला जायचा होता. तिघं नक्की होते. चौथी जागा तिची किंवा माझी, आणि ते क्लबातल्या एका निवड-सामन्यावर ठरणार होतं. गुडघे कुरकुरत होते. पुन्हा संधी येणार नाही हे मला माहीत होतं.

त्या सुमारास एका शनिवारी ती माझ्या गॅरेजमध्ये आली.

"काका, दोनच्या कॅडी घेऊ की चारच्या? क्लबातल्या दोनच्या वापरून बघितल्या, बऱ्या वाटतात."

"दोनच्या म्हणजे तीनचाकी सायकल," मी म्हणालो. "चारच्या घे. सवय होते."

"अहो, पण हात बघा ना माझा. केवढासा आहे."

"हाताचं काही नसतं गं. सराव पाहिजे."

बायको चहा घेऊन दारात उभी होती. "बाकीच्यांना मूठ उलटी करायला लावता ना तुम्ही? हिला नाही लावली?"

"हिला गरज नाही."

"बघा काकू," ती हसून म्हणाली, "काकांचा किती विश्वास आहे माझ्यावर."

इथली एखादी मुलगी असती तर तिने दोन्ही प्रकारच्या कॅडी मागून घेतल्या असत्या, घड्याळ लावून पाहिलं असतं आणि मला तोंडावर सांगितलं असतं की म्हातारबुवा, तुमचं चुकतंय. आपल्याकडे काकांनी सांगितलं की पडताळा घ्यायची गरज उरत नाही. तिने शंका काढली होती, माझ्या एका वाक्यावर ती गिळली. ती गिळेल हे मला ठाऊक होतं. त्यावरच माझी मदार होती.

तिने सहा आठवडे सराव केला. एकदा अंगठ्याला पट्टी गुंडाळून आली. काडतुसं ढकलून ढकलून कातडी गेली होती. मी तिला जिद्दी म्हणालो. तेव्हाही तोंड उघडता आलं असतं.

निवड-सामन्याच्या दिवशी बारीक पाऊस होता. घड्याळाचा बीप वाजला आणि तिने पहिल्या पाच पाट्या पाच गोळ्यांत पाडल्या. कॅडीला हात घातला, चार काडतुसं ओढली, पहिली जोडी नळीत गेली आणि दुसरी गवतात पडली. ती उचलायला वाकली. वाकायचं नसतं, पट्ट्यावरची पुढची घ्यायची असतात, पण माणूस घाबरला की वाकतो. पुढच्या वेळी चारही पडली. शेवटच्या फेरीत ती एकेक काडतूस भरत होती, एखाद्या नवख्यासारखी. मी माझ्या फेऱ्या नेहमीसारख्या केल्या. तेवढं पुरलं.

आमचा कॅप्टन म्हणजे मेंढ्या पाळून निवृत्त झालेला एक भला माणूस. गाड्यांपाशी त्याने मला विचारलं, "काय झालं रे तिला? इतकी छान मारत होती."

"प्रेशर," मी म्हणालो. "काही लोकांचे हात ऐन वेळी साथ देत नाहीत."

ते वाक्य क्लबात राहिलं. दोन-तीन महिन्यांत तिने येणं सोडलं, बंदूक विकून टाकली. पोरिरुआला आमचा संघ मधेच कुठेतरी आला. एवढ्यासाठी केलं होतं मी ते.

यंदा बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, म्हणून ती मुलगी भेटायला घरी आली. बोलता बोलता नोकरीचा विषय निघाला.

"फोर्कलिफ्टचा परवाना काढ म्हणतात," ती म्हणाली. "मग पुढची पोस्ट मिळते. मी नको म्हटलं."

"का गं?" बायकोने विचारलं.

"माझे हात ऐन वेळी दगा देतात, काकू. काकांना विचारा. त्यांनी बघितलंय."

ती हे हसत म्हणाली. चार वर्षं ती ते खरं धरून जगत होती.

मी तिथेच सांगितलं. सावरून, गोड करून नाही, जसं झालं तसं. तिने कप खाली ठेवला.

"म्हणजे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"अंदाज चुकला, असं नाही?"

"नाही. मला जागा हवी होती."

तिने स्वतःचे तळवे उलटसुलट करून बघितले. मग म्हणाली, "क्लबात कोणाला सांगितलंत?"

"नाही. म्हटलं, आधी तुला..."

"मला सांगून तुम्हाला हलकं वाटलं असेल. तिकडे सगळ्यांच्या डोक्यात अजून माझेच हात आहेत."

बायकोला काळजी घ्या म्हणून ती निघाली. माझ्याकडे वळली नाही.

पुढच्या शनिवारी नेमबाजी सुरू होण्याआधी सगळे चहाचे मग घेऊन शेडमध्ये उभे होते, तेव्हा मी बोललो. मूठ उलटी करण्यापासून गाड्यांपाशी म्हटलेल्या वाक्यापर्यंत सगळं. कॅप्टन माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "गुड ऑन यू, मेट. सांगायला हिंमत लागते." त्या दिवशी मला सगळ्यात जास्त लाज त्या शाबासकीची वाटली. मी त्याला म्हटलं, मला नको, तिला फोन कर.

त्याने तिथूनच केला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. माफी मागितली, क्लबच्या वतीने आणि स्वतःच्याही. परत ये, म्हणाला. तिने आभार मानले आणि येणार नाही म्हणाली. मग विचारलं, "ते आपण होऊन बोलले, की तुम्ही विचारल्यावर?"

"आपण होऊन."

"बरं," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

कॅप्टनने कपाटातून क्लबची जुनी वही काढली. पोरिरुआच्या पानावर चार नावं होती. "तुझं काढू का?" त्याने विचारलं. मी हो म्हणालो. त्याने पट्टी ठेवून माझ्या नावावर सरळ रेघ मारली आणि पेन तसंच धरून थांबला. तिथे तिचं नाव लिहिता येत नव्हतं. ती त्या सामन्याला गेलीच नव्हती.