राणीसमोर एक मिनिट

इंग्लंडमधल्या मेडनहेडहून गाडी निघाली तशी पुढच्या सीटवर बसलेली ताई काचेला नाक लावून बाहेर बघू लागली. माझी ही थोरली बहीण नागपूरच्या शाळेत जन्मभर चित्रकला शिकवत आली, पण युरोपातली मोठी तैलचित्रं तिने फक्त छापील पुस्तकांत पाहिलेली. आता तिच्या नजरेच्या मधोमध काळा डाग आला होता आणि तो पसरत चालला होता. बघायचं ते आत्ताच, म्हणून आम्ही दोघी माझ्या लेकीकडे, मेघाकडे आलो होतो.

तासाभराने मेघाने चित्रसंग्रह असलेल्या एका जुन्या हवेलीपाशी गाडी लावली. तिथल्या टी-रूममध्ये स्कोन (साय आणि जॅम लावून खायचा जाड, भुसभुशीत पाव) मागवले. ताईने अर्धाच खाल्ला. "आधी राणीला भेटू दे."

राणी वरच्या दालनात होती. अठराव्या शतकातलं, पुरुषभर उंचीहून मोठं तैलचित्र! निळं रेशीम, खांद्यावरून ओघळलेला शाही झगा, मनगटाशी लेस. मी दारातच थबकले. रेशीम आत्ता सळसळेल असं वाटलं.

पण खिडक्यांचे पडदे खाली ओढलेले होते. ताई मान तिरकी करून डोळ्यांच्या कडेने बघत होती. "मला नुसतं निळं दिसतंय गं." ती चित्रापुढच्या दोरीवरून पुढे वाकली आणि अलार्म ठणाणला.

कोपऱ्यातली वयस्कर राखणदार बाई लगबगीने आली. "सो सॉरी!" मेघा म्हणाली. "माय आंटी इज लूझिंग हर साइट. शी टॉट पेंटिंग ऑल हर लाइफ."

बाईंनी ताईकडे पाहिलं. उजेडाने रंग उडतात म्हणून पडदे असतात, असं त्यांनी समजावलं. मग हळूच म्हणाल्या, "जस्ट अ मिनिट, देन," आणि पडदा वर केला.

"लेस नाहीच आहे तिथे!" ताई जवळजवळ ओरडलीच. "पांढरे फटकारे आहेत नुसते. मागे सरक. बघ, झाली लेस!" मग ती चेहऱ्याकडे वळली आणि तिचा आवाज उतरला. "दमलीय गं ही. किती वेळ बसवून ठेवलंय बिचारीला."

आता मला दिसली राणीच्या डोळ्यांखालची हिरवट छाया. इतका वेळ मी नुसता झगाच बघत होते. समोर एक जिवंत बाई बसली होती.

पडदा खाली आला. ताईने राखणदार बाईंचे हात हातात घेतले.

नागपूरला परतल्यावर ताईची नजर आणखी गेली. आता तिला पेपर वाचता येत नाही. पण कुणी राणीबद्दल विचारलं की ती सरसावून बसते आणि सांगू लागते. मी स्वतः तिथे होते, तरी हातातलं काम टाकून ऐकत राहते.