मेडशीच्या हळदीत माझा कंडेन्सर माइक

विहिरीतली मोटर ज्याला दुरुस्त करता येते त्याला जगातलं कोणतंही यंत्र कळतं, असं माझं भाचीच्या हळदीपर्यंत ठाम मत होतं.

मंगरूळपीरजवळ आमचा भाजीचा मळा आणि सासुरवाड मेडशीची. तिथं मेहुण्याच्या पोरीची हळद होती, आणि माझी बायको सुनंदा आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर गाणार होती. सासूबाई गेल्यापासून त्यांचं हळदीचं गाणं घरात कोणी म्हटलंच नव्हतं. सासऱ्यांना ते एकदा ऐकायचं होतं, आणि नेमके सासरेच कानानं अधू!

"बाबाले नीट आयकू आलं पाह्यजे, बस," सुनंदा म्हणाली.

"त्याची फिकीर तू कायले करतं? मी हाओ ना!" मी म्हणालो. (इथंच तिनं मला मळ्यात कोंडून कुलूप लावायला हवं होतं.)

चार दिवस मोबाइलवर व्हिडिओ पाहून मी एक कंडेन्सर माइक मागवला. साधा माइक तोंडात घातल्याशिवाय ऐकत नाही. हा म्हणे माणसाचा श्वाससुद्धा टिपतो! हळदीच्या दिवशी मी तो ऐटीत स्टँडवर चढवला. फुंकर मारली, टिचक्या मारल्या, "हॅलो, हॅलो" करून घसा कोरडा केला. माइक गप्प.

"जवाईबुवा," साउंडवाले सलीमभाई शांतपणे म्हणाले, "याले आमच्या बोर्डातून करंट द्या लागते. अठ्ठेचाळीस व्होल्टचं बटन हाये, ते दाबलंच नाई तुमी."

"अठ्ठेचाळीस व्होल्ट?" सुनंदा दोन पावलं मागं सरली. "आवो, मले गानं म्हनाचं हाये का मराचं हाये?"

"काई होत नाई वं! हे पाह्य!" असं म्हणून मी माइकची जाळी मुठीत गच्च धरली आणि सलीमभाईंनी त्याच क्षणी बटण दाबलं. बाप्पा! स्पीकरमधून अशी शिट्टी निघाली, की हळदीचं ताट घेऊन आलेली बाई ताटासकट खाली बसली.

"हात काढा! जाळी झाकली का बोंबलते तो!" सलीमभाई ओरडले. मी घाबरून आणखी घट्ट धरला.

दुसरा कोणी असता तर त्याला तिथंच स्टेजवरून उतरवला असता. पण मी पडलो जावई, टॉवेल-टोपी देऊन मानानं वर बसवलेला! आमच्याकडं जावयाला नावं ठेवतात, पण तो आपल्या गावी गेल्यावर. सलीमभाईंनी मेहुण्याकडं पाहिलं आणि मेहुण्यानं मांडवाच्या छताकडं.

शेवटी सलीमभाईंनीच माझी बोटं सोडवली आणि सुनंदानं गाणं सुरू केलं. आवाज थरथरत होता. गाणाऱ्याच्या मागं उभं राहून हळूच शब्द सांगायची आमच्याकडं पद्धतच आहे, तेव्हा मी तिच्या खांद्यामागं उभा राहिलो. साध्या माइकला ते कधी ऐकू गेलं नसतं. शिवाय वीस वर्षं भाजीच्या हर्रासीत बोली ओरडल्यामुळं माझं 'हळू' म्हणजे इतरांचं 'आग लागली, धावा'!

"श्वास घे, श्वास! हां... आता वर घे. अवं, वर! पदर नको पिळू. बाबाकडं पाहू नको, रडशीन!"

मांडव हसायला लागला. मला वाटलं, गाणं रंगलं! मला आणखी चेव चढला.

"शाब्बास! म्हन तू. तो समोरचा टकल्या काहून हासून राह्यला? त्याच्याकडं ध्यानच देऊ नको!"

(टकल्या उष्टी हळद घेऊन आलेला नवरदेवाचा चुलता निघाला.)

सुनंदा थांबली. वळून म्हणाली, "आवो, सारं तुमचंच आयकू येऊन राह्यलं!"

तेवढ्यात समोरून सासरे खूश होऊन ओरडले, "जवाईबुवा, लय साफ आयकू आले तुमी! आता पोरगी कवा म्हनते?"

सुनंदाचे डोळे भरून आले. मला खरंच फार वाईट वाटलं. चार दिवस खपून मी तिचंच गाणं बुडवलं होतं! काही बोलायला मी तोंड उघडलं, माइककडं पाहिलं आणि मिटलं.

ती तडक खाली उतरली, बापाशेजारी सतरंजीवर बसली आणि त्यांच्या कानाला तोंड लावून पहिल्यापासून गायला लागली. म्हाताऱ्याचे ओठ तिच्यासोबत हलायला लागले. गाणं संपल्यावर ते डोळे पुसत म्हणाले, "तिसरी ओळ चुकली तू. तुही मायबी तिथंच चुके."

झालं! स्टेजवर एकट्या उभ्या असलेल्या मला ते सहन होईना. हुंदका आला, तो मी कसाबसा गिळला, आणि तोंड फिरवून जोरात नाक शिंकरलं. फिरवलेलं तोंड बरोबर माइकसमोर होतं.

सासरे दचकून उठले. "पोरी, मांडवात ट्रॅक्टर कोनं आनला वं?"

सुनंदा त्यांच्या कानाशी वाकली, पण आता ती लाजत नव्हती. साऱ्या मांडवाला ऐकू जाईल असं खणखणीत म्हणाली, "ट्रॅक्टर नाई बाबा, तुमचे जवाई रडून राह्यले!"