हरणांचं ताट मीच उपटलं

मंडळी, सांगतेय मी आणि टाइप करतेय माझी सून मेधा. मला वाचता येत नाही, तेव्हा तिनं मध्येच काही घुसडलं तर ते तिचं समजा.

इथे परदेशात, प्लेनो शहराबाहेर आमच्या घरामागे हरणांच्या चाऱ्यासाठी छोटासा तुकडा राखलाय. सकाळी ही ऑफिसला गेली आणि मला तिथे नुसतं तण दिसलं. दुपारपर्यंत सगळं उपटून अंगणासारखं लख्ख केलं.

शेवटची मूठ झटकली, तर मुळांवर हरभऱ्याला असतात तशा बारीक गाठी. अशा मुळांनी जमीन कसदार होते, हे का मला ठाऊक नाही?

मेधा आली. "आई, ते क्लोव्हर होतं, हरणांचा चारा! मातीही सुधारावी म्हणून मुद्दाम लावलं होतं."

"मग पाटी लावायचीस."

"लावली होती, आई."

उपटलेलं सगळं परत मातीवर पांघरलंय, निदान ती तापायला नको. पण रोज संध्याकाळी एक हरणी पिल्लाला घेऊन येते. दुपारपासून माझ्या खिडकीशी येरझाऱ्या चालल्यात.

आता पुन्हा बी टाकलं तर धरेल का हो? उत्तर जरा जपून लिहा, वाचून दाखवणारी मेधाच आहे.