रविवारचा कॉम्प्युटर

शहागडला हायवेच्या कडेला माझं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीतल्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी लोक घेऊन येतात. मी आतली काळी पडलेली तार काढतो, नवी गुंडाळतो आणि मोटार पुन्हा फिरायला लागते. वीस वर्षं हेच केल्यामुळे स्वभावही तसाच झालाय. ‘हे फेका आणि नवीन घ्या’ असं कोणी म्हणालं की माझं डोकं सटकतं. घरातला मिक्सर, इस्त्री, कूलर, सगळं मी तीन-तीनदा जगवलेलं आहे. त्यामुळे मागच्या उन्हाळ्यात आतल्या खोलीतला कॉम्प्युटर बदलावा की नाही यावर मी महिनाभर घोळ घातला, तेव्हा कोणाला नवल वाटलं नाही. खरं कारण फक्त बायकोला माहीत होतं.

तो गेम खेळायचा कॉम्प्युटर. माझ्या धाकट्या भावाने डिप्लोमाला असताना ‘प्रोजेक्टसाठी’ म्हणून घ्यायला लावला होता. प्रोजेक्ट कसला डोंबलाचा! सुटे भाग मागवले आणि आम्ही दोघांनी खाली चटईवर बसून तो जोडला. भाऊ मोबाइलवर व्हिडिओ बघून सांगायचा आणि मी स्क्रू पिळायचो. पहिल्यांदा पंखा फिरला तेव्हा आईने त्याला हळदीकुंकू लावलं. पुढे भाऊ पुण्याला नोकरीला लागला, त्याने स्वतःचा लॅपटॉप घेतला आणि हे धूड माझ्याकडे राहिलं. दर रविवारी दुपारी तीन वाजता तो तिकडून आणि मी इकडून, कानाला हेडफोन लावून, एकाच गेममध्ये शिरायचो. चाळिशीला टेकलेला माणूस पोराटोरांसारखा गोळ्या झाडत बसतो म्हणून गिऱ्हाइकं हसायची. हसोत.

मग आई आजारी पडली. पाच महिने जालन्याच्या दवाखान्यात हेलपाटे मीच घातले. भावाला सुट्टी मिळत नव्हती. तो दोनदा आला, दोन्ही वेळी दुसऱ्या दिवशी परत गेला, आणि तिसऱ्यांदा आला तेव्हा आई गेलेली होती. मी त्याला काही बोललो नाही. आत मात्र सगळं साठत होतं.

दहाव्याला गोदावरीच्या घाटावर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर चार-पाच बसलेले, पण एकही खाली यायला तयार नव्हता. अशा वेळी करतात तसं चुलत्यांनी एकेकाला पुढे बोलावून गेलेल्या माणसाला शब्द द्यायला लावला. मी म्हणालो, घर सांभाळीन. भाऊ हात जोडून म्हणाला, “आई, दादाला अंतर देणार न्हाई.” तरी कावळा येईना. ऊन चढलं. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायची तयारी सुरू केली. आणि सगळ्या पाहुण्यांच्या देखत माझ्या तोंडून निघून गेलं, “याला बाजूला घ्या. हा इथं हाय तोवर ती जेवणार न्हाई.”

भाऊ वळला आणि पायऱ्या चढून वर रस्त्याकडे गेला. तो वर पोचायच्या आत कावळा खाली उतरला आणि पिंडाला शिवला.

“शिवला, शिवला,” म्हणून लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. भावाने वरून ते पाहिलं. मला त्याच क्षणी कळलं होतं की तो पिंडाच्या अगदी जवळ उभा होता, त्याची सावली भातावर पडत होती, म्हणून पाखरू घाबरत होतं. तो हलला आणि ते आलं, एवढंच. हे मी तिथेच ओरडून सांगायला हवं होतं. पण खरं सांगायचं तर मला त्या वेळी बरं वाटलं होतं. आई माझ्या बाजूने बोलली असं वाटलं होतं. याची मला आजही लाज वाटते.

तो त्याच संध्याकाळी पुण्याला गेला आणि त्यानंतर घरी आलेला नाही. चार महिने फोनही नव्हता. एका रविवारी, करायला काही नव्हतं म्हणून, मी कॉम्प्युटर चालू केला तर गेममध्ये त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका होता. जरा वेळाने त्याच्याकडून खेळायचं बोलावणं आलं. मी हेडफोन लावला. तो म्हणाला, “दादा, डाव्या अंगाला दोघं हायेत.” मी म्हणालो, “दिसून राह्यले.” बस. तेव्हापासून तीन वर्षं आमचं बोलणं तेवढंच. गोळ्या संपल्या, मागं बघ, मी पडलो, उचल मला. घराचं, आईचं, तब्येतीचं काही नाही. सणावारालाही फोन नाही. पण रविवार त्यानेही चुकवला नाही आणि मीही.

आणि एप्रिलमध्ये गेम उघडल्यावर सूचना आली की पुढच्या महिन्यापासून हा गेम इतक्या जुन्या मशीनवर चालणार नाही.

त्या दिवशी भावाने विचारलं, “दादा, तुझ्याकडं चालंल का?”

“बघतो.”

“न्हाई चाललं तर मंग…” एवढं म्हणून तो थांबला. मीही पुढचं विचारलं नाही.

मोटारसायकलवर कॅबिनेट दोरीने आवळून मी जालन्याला एका ओळखीच्या दुकानदाराकडे गेलो. हा मुसलमान गृहस्थ, हाताने माझ्यासारखाच कारागीर. त्याने झाकण उघडून आतली धूळ फुंकली, बराच वेळ पाहिलं आणि मान हलवली. “भाऊ, नुसतं ग्राफिक कार्ड टाकून भागणार न्हाई. हा बोर्ड त्याला घेणारच न्हाई. बोर्ड बदलला का प्रोसेसर, रॅम, पॉवर सप्लाय, सगळं बदलावं लागतं.”

“मंग राह्यलं काय?”

“डबा राह्यला,” तो म्हणाला. “विचार करून सांगा, बिलकुल जल्दी न्हाई.”

मी तो डबा तसाच परत घेऊन आलो. नुसतं कवच जुनं आणि आतलं सगळं नवं, ह्याला मी दुरुस्ती म्हणत नाही. पण घोडं तिथे अडलेलं नव्हतं. बायकोने ते बरोबर ओळखलं. पोळ्या लाटता लाटता ती म्हणाली, “अहो, भावाला फोन लावायला कुठं ग्राफिक कार्ड लागतं?”

मी चिडलो, ताटावरून उठलो. ती म्हणाली ते खरं होतं म्हणूनच चिडलो. दुकानात तार गुंडाळता गुंडाळता मी स्वतःशी हिशोब लावत होतो. नवीन मशीन टाकलं तर सहा-सात वर्षं बघायला नको. म्हणजे आणखी सहा-सात वर्षं रविवार चालू राहतील, आणि घाटावरचं एकदाही तोंडावर न आणता आम्ही म्हातारे होऊ. नाही टाकलं तर रविवार बंद. मग एक तर मला बोलावं लागेल, नाही तर भाऊ कायमचा गेला. दोन्हींची मला सारखीच भीती वाटत होती. शेवटी मी ठरवलं की मशीन बदलायचं नाही. शेवटच्या रविवारी हेडफोनमध्येच त्याला सगळं सांगायचं, आणि पुढे तो फोन उचलेल की नाही ते त्याच्यावर सोडायचं.

तो रविवार कडक उन्हाचा होता. मशीनचा पंखा घरघर करत होता. गेममध्ये आम्ही एका पडक्या घरात लपून बसलो होतो आणि बाहेर कोणी दिसत नव्हतं. याहून चांगली वेळ मिळाली नसती. मी डोळे मिटले, कारण पडद्याकडे बघत बोलणं जमेना.

“घाटावर त्या दिवशी मी जे बोललो ना,” मी म्हणालो आणि मग थांबलोच नाही. ती सावली होती, हे मला तिथंच कळलं होतं, तरी मी गप बसलो. तुला सुट्टी मिळत न्हवती हेही मला माहीत होतं. आई शेवटी तुझंच नाव घेत व्हती, ते मी तुझ्यापासून लपवलं. माझं चुकलं, तू घरी ये. बोलता बोलता मला रडू आलं. नाक ओढून मी त्याच्या उत्तराची वाट बघत राहिलो.

उत्तर येईना. डोळे उघडले तर चित्र थिजलेलं होतं. त्याचा शिपाई एक पाय उचलून तसाच उभा. माऊस हलेना, कळ दाबली तरी काही होईना. उन्हाने मशीन तापून अडकलं होतं, आणि केव्हा अडकलं ते मला कळायला मार्ग नव्हता.

तेवढ्यात मोबाइलवर त्याचा मेसेज आला. तीन वर्षांतला पहिला. ‘दादा, घाटावर म्हणून काय म्हणत व्हतास? पुढचं ऐकूच न्हाई आलं. लाइट गेली का?’

म्हणजे एवढं त्याला पोचलं होतं. त्याने स्वतः तो शब्द लिहिला होता, विचारलं होतं. मी फक्त फोन लावायचा होता. डोक्यावरचा पंखा पूर्ण वेगात फिरत होता. मी लिहिलं, ‘हो, लाइट गेली.’

जरा वेळाने पुन्हा आलं, ‘काय म्हणत व्हतास पण?’

मी लिहिलं, ‘काही न्हाई.’

त्याचं ‘बरं’ आलं.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी मी जालन्याच्या दुकानदाराला फोन करून सगळं नवीन टाकायला सांगितलं. नवीन मशीन चांगलं आहे, उन्हाळ्यातही अडकत नाही. आम्ही रविवारी तीन वाजता खेळतो. घाटाचं त्याने पुन्हा विचारलं नाही.