अमारिलीससाठी पाल

“फुकटचा इग्वाना सोडून दुकानातली पाल? आणि तीही मागच्या खोलीत? तिथे पुढच्या आठवड्यात भाडेकरू येतोय, नेरेइदा!”

माझा नवरा चेओ स्वयंपाकघराच्या दारात डबा घेऊन उभा होता. डब्यात इग्वानाचं, म्हणजे घोरपडीएवढ्या होणाऱ्या सरड्याचं, वीतभर हिरवंगार पिल्लू डोळे मिचकावत होतं.

“आत्ता वीतभर आहे,” माझी नणंद नेरेइदा तुरीच्या शेंगा सोलता सोलता म्हणाली. “मोठं झालं की शेपटीनं फोडून काढील. मग तू ते गुपचूप खारफुटीत सोडणार आणि ते लोकांच्या भोपळ्याची फुलं खाणार. या बेटावरच्या प्रत्येक मामानं हेच केलंय. तूही. इवेलीस लहानपणी त्यापायी किती रडली होती, आठवतं?”

“पण आधी खूश झाली होती ना!”

इवेलीस ही नेरेइदाची एकुलती एक मुलगी. वादळात तिच्या घराचं छप्पर उडालं, मग कित्येक महिने वीज आली नाही, तेव्हा ती लेकीला घेऊन समुद्रापलीकडे ऑर्लँडोला गेली आणि तिथलीच झाली. लेक, अमारिलीस, दर उन्हाळ्यात यायची. नेरेइदा आमच्याबरोबरच राहते; घरातली मागची खोली अमारिलीसची. गवताच्या काडीचा फास करून ती अंगणातले सरडे पकडायची आणि कानाच्या पाळीला चावायला लावून डूल म्हणून मिरवायची. हे आजीनंच शिकवलेलं. गेल्या उन्हाळ्यात मात्र ती आली नाही. पोहण्याचं शिबिर होतं म्हणे. यंदाचंही नक्की नव्हतं.

अशात ती फोनवर म्हणाली, “आजी, मला सरडा पाळायचाय. पण आमच्या इमारतीत चालत नाही.”

“मग इथे पाळ,” नेरेइदा म्हणाली. तेव्हापासून तिचं भातात लक्ष राहिलं नाही. शाळेच्या स्वयंपाकघरात जन्म घालवलेल्या या बाईनं घरी दोनदा भात करपवला.

एक दिवस मला घेऊन ती शहरातल्या दुकानात गेली. अंगणातला सरडा तिला नको होता; काचेत कोंडला की झुरतो, हात लावलेलं त्याला खपत नाही. दुकानदारानं गळ्याखाली काटेरी दाढी असलेला एक सरडा तिच्या खांद्यावर ठेवला. “नवशिक्यांना हाच देतो, बाई. अगदी गरीब.”

“याला लागतं काय?”

“दिवसभर प्रखर दिवा. उन्हासारखा.”

“आणि वीज गेली की? बाळा, तू राहतोस कुठे?”

तो खो खो हसला आणि ठिपक्यांची पाल घेऊन आला. हिला एवढ्या दिव्याची गरज नाही, काचेवर चढता येत नाही, नाकतोडे खाते, सवय झाली की तळहातावर बसते. आमच्या उकाड्यात वीज गेली तरी तिचं फारसं अडत नाही.

“जगते किती?”

“नीट सांभाळली तर पंधरा वर्षं. वीससुद्धा.”

नेरेइदानं हिशेब केला. “म्हणजे अमारिलीसचं लग्नसुद्धा बघेल,” ती म्हणाली. स्वतःचं वय तिनं त्यात धरलं नाही; आगाऊ पैसे देऊन पाल ठरवून टाकली.

आता चेओशी चाललेलं भांडण अर्ध्यावर सोडून तिनं ऑर्लँडोला फोन लावला. पालीचा फोटो आधीच पाठवला होता.

“आजी, ही हसतेय!” अमारिलीस किंचाळली. “हिला रोज दाखवशील?”

“रोज दाखवीन. तू भेटायला कधी येतेस तिला?”

पलीकडे कुजबुज झाली. मग इवेलीसचा आवाज आला. “आई, बघू गं. आत्तापासून कसं सांगू?”

“बघ, बघ,” नेरेइदा म्हणाली आणि फोन ठेवला. सोललेल्या दाण्यांत ती बोटं फिरवू लागली.

चेओनं डबा खाली ठेवला. त्याचा आवाज उतरला होता. “आणि पोर आलीच नाही तर, ताई? खोली काय पालीसाठी ठेवायची?”

नेरेइदा उठली. सालं केराच्या टोपलीत टाकली, हात धुतले.

“उद्या पाल येतेय. मागच्या खोलीत राहील. भाडेकरूला नाही म्हणून कळव.”