रांजणाची साक्ष

फू फान डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावात सूत रंगवायच्या निळीचे रांजण घरोघर आहेत. पण जिभेवर थेंब ठेवून रांजणाच्या मनातलं ओळखणाऱ्या बायका दोनच. एक थोंगमुआन म्हातारी आणि दुसरी तिची मुलगी बुआली. बाकीच्या नुसता वास घेतात आणि पुढचं नशिबावर सोडतात.

रांजण जिवंत असतो, हे आमच्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. त्याला भूक लागते, तो रुसतो, एखादीचा हात सोसला नाही तर पळूनही जातो. म्हणजे मडकं जागेवरच असतं, आतली नीळ मरते, आणि सूत कितीही बुडवा, मळकं राखाडीच निघतं. म्हणून मयताला जाऊन आलेल्यानं, आजाऱ्यानं आणि अंगावरून रक्त जात असलेल्या बाईनं त्याच्या जवळ फिरकायचं नाही.

आणि नेमकं रक्तच बुआलीच्या वाट्याला आलं. एकेचाळिसाव्या वर्षी तिच्या मोठ्या आतड्याला आतून व्रण पडले. जिल्ह्याच्या इस्पितळात त्याला कोलायटिस म्हणाले. दुखणं उसळलं की पोटात पिळे, दिवसातून बारा-पंधरा वेळा परसाकडची धाव, आणि प्रत्येक वेळी रक्त. नवरा बांधकामावर तैवानला. विहारात प्रवचनाला बसायची सोय नाही, लग्नकार्याला जायची सोय नाही. आठ वर्षं तिचं जग म्हणजे घर, परसातली ती टिनाची खोली आणि मधली पंचवीस पावलं.

"बुआली, निघालीस परत?" आई मागावरून ओरडायची. "अगं, तालुक्याची गाडीसुद्धा एवढ्या फेऱ्या मारत नाही!"

शेजारणी हसायच्या. बुआलीही हसायची, कारण रडायला थांबली तर उशीर व्हायचा.

म्हातारी दुष्ट नव्हती. तिला बोलताच तेवढं यायचं. रोज सकाळी तिचा एकच प्रश्न असे, "आज रांजणाला शिवणार आहेस का?" त्या प्रश्नात सगळं आलं असं ती धरून चालायची. रक्त असलं की बुआली मान हलवायची आणि लांब बसून सूत सोडवायची. असे वर्षातले निम्मे दिवस जायचे. त्यात म्हातारीची जीभ बोथट होत चालली होती. एका उन्हाळ्यात तिनं स्पष्टच सांगितलं, "मला आता खारट-आंबट नीट कळत नाही. तू अशी अर्धी आत, अर्धी बाहेर. भिक्खूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपला की रांजण तुझ्या मावसबहिणीच्या हाती देईन. आईच्या आईचा रांजण आहे हा, मी त्याला मरू देणार नाही."

 ते बुआलीच्या काळजात रुतून बसलं. नवरा लांब, पोट नासलेलं, त्यात रांजणही गेला तर तिच्याजवळ आपलं म्हणावं असं काय उरणार होतं?

त्याच महिन्यात इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला नेहमीच्या गोळ्यांच्या जोडीला गांज्याचं तेल लिहून दिलं; आमच्याकडे ते आता औषध म्हणून चालतं. रोज झोपण्याआधी जिभेखाली तीन थेंब.

"नीट ऐका, ताई," बाई म्हणाल्या. "यानं दुखणं कमी होईल, झोप येईल, भूक लागेल. पण आतली जखम यानं भरत नाही, ती भरतात गोळ्या. बरं वाटलं तरी गोळ्या सोडायच्या नाहीत. आणि रक्त दिसलं की लगेच यायचं."

घरी आल्यावर म्हातारीनं बाटलीचा वास घेतला आणि नाक मुरडलं. "एवढ्यासाठी इस्पितळात गेलीस? तुझे आजोबा कोंबडीच्या रश्श्यात हीच पानं टाकायचे. जेवून सगळे दिवसभर खिदळत बसायचे."

पण थेंबांनी काम केलं. दहाव्या दिवशी बुआली उजाडेपर्यंत झोपली. पिळे थांबले. तिला आंबवलेल्या मासळीची, भाजलेल्या मिरचीची वासना झाली. चिकट भाताचे गोळे करून ती टोपलीभर खाऊ लागली. फेऱ्या चारवर आल्या आणि रक्तही थांबलं. सहा आठवड्यांत गालांची हाडं झाकली गेली. ती रांजणाशी बसली, थेंब जिभेवर ठेवला आणि म्हणाली, "आई, चिंच हवीय याला." म्हातारीनं चाखलं, तिला काही कळलं नाही, तरी तिनं मान डोलावली.

इथंच बुआलीची चूक झाली, आणि ती निळीवाल्या बाईच्याच हातून व्हावी अशी होती. आमच्याकडे पहिला धडा असा, की रांजण एकदा लागला, म्हणजे नीट रंग देऊ लागला, की त्याला डिवचायचं नाही. लागलेल्या रांजणात चमचाभर चुना जास्त पडला तरी नीळ मरते. बुआलीनं तोच न्याय स्वतःच्या पोटाला लावला. पोट लागलं होतं, आता त्यात गोळ्या कशाला ओतायच्या? गोळ्या ती महिन्याच्या महिन्याला आणायची आणि पत्र्याच्या डब्यात टाकायची. थेंब मात्र चुकवले नाहीत, कारण त्यांचा गुण दिसत होता.

वर्षावास लागला आणि रक्त परत आलं. आधी थोडं, मग रोज. दुखत मात्र फारसं नव्हतं. बुआली दोन दिवस घाबरली. सांगावं, तर रांजण जाणार. न सांगता शिवावं, तर रांजण पळणार. तिसऱ्या दिवशी तिनं मनाचा हिय्या केला आणि रक्त असताना नीळ घोटली.  दुसऱ्या दिवशी सकाळी झाकण काढलं, तर वर तांबूस-जांभळा फेस टम्म फुगलेला. सूत बुडवलं, ते हिरवं निघालं आणि वाऱ्यावर गर्द निळं झालं.

रांजण पळाला नाही.

मग तिनं मनाशी हिशेब जुळवला. रांजणाला खोटं खपत नाही. मी आजारी असते, तर हा मेला असता. हा जिवंत आहे, म्हणजे मी बरी आहे. हे रक्त काहीतरी जुनं, साचलेलं बाहेर पडत असेल. इस्पितळात बाईंनी विचारलं, "रक्त?" तर ती म्हणाली, "नाही." ते सांगताना तिला आपण खोटं बोलतोय असं वाटलंही नाही.

असे दहा आठवडे गेले. एका दुपारी सूत पिळताना ती बसल्या जागी कलंडली. अंग तापानं भाजत होतं आणि पोट नगाऱ्यासारखं फुगलं होतं. शेजाऱ्यांनी गाडीत घातलं. डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावला आणि त्यांचा चेहरा उतरला. "इतकं होईपर्यंत दुखलं नाही?"

"तेवढं नाही," बुआली म्हणाली.

मोठं आतडं काढून टाकावं लागलं. शुद्धीवर आली तेव्हा पोटाला भोक होतं आणि भोकावर पिशवी होती. ती तिनं पाहिली आणि तोंड फिरवलं.

चौथ्या दिवशी म्हातारी आली. बस बदलत बदलत, हातात भाताची टोपली घेऊन. बुआलीनं डोळे मिटून घेतले. आता सांगितलं की आई रांजणाचंच काढणार, दहा आठवडे रक्ताच्या अंगानं शिवत होतीस म्हणून, आणि तिचं म्हणणं खरंच असणार होतं.

"आई, मी तुला सांगितलं नाही," ती म्हणाली. "मला रक्त जात होतं. वर्षावास लागल्यापासून."

म्हातारी खुर्चीत बसली आणि तिनं टोपली मांडीवर घेतली.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "तुझं नेसूचं दोरीवर कोण वाळत घालायचं? डाग मी पाहिले होते, बाई."

बुआलीनं डोळे उघडले.

"मग बोलली का नाहीस?"

"रोज झाकण काढायची मी. नीळ चांगली असायची. मला वाटलं, तो चांगला आहे म्हणजे तूही..." तिला पुढं बोलवेना. निळ्या पडलेल्या नखांची तिची बोटं टोपलीची वीण कुरतडत राहिली. "मी त्याला विचारलं, बुआली. तुला नाही विचारलं."

बुआलीला राग आला. आठ वर्षांत आला नव्हता इतका आला. आईच्या अंगावर ओरडावं असं वाटलं, पण टाके ताणले गेले आणि ओरडताही येईना. डोळ्यांतून पाणी मात्र वाहायला लागलं. म्हातारी खुर्चीवरून उठली. काय करावं ते न सुचून तिनं आपला खरबरीत हात लेकीच्या कपाळावर ठेवला.

"दुखतंय का गं?" तिनं विचारलं.

आठ वर्षांत पहिल्यांदा.

"हो, आई," बुआली म्हणाली. "खूप दुखतंय."