दुसरं कुत्रं कशाला हवं होतं

आमच्या घरी दुसरं कुत्रं आणायचं ठरलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला होता, आणि ते कशासाठी आणायचं हे सगळ्यात शेवटी मला कळलं. आजही ते आठवलं की माझे कान तापतात.

आमची वस्ती श्रीरामपूरच्या अलीकडे आहे. तीन अंगांनी ऊस, एका अंगानं पाटाचा रस्ता. सासूबाई गेल्यापासून घरात आम्ही चौघंच: सासरे, नवरा, मी आणि पहिलीत जाणारी आमची मुलगी. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, स्कूटीवरून जाते-येते. गोठ्यात चार गाई आणि एक कालवड. कुत्री एकच, तीही माझ्याबरोबर आलेली. माझं माहेर पारनेरकडचं, माळरानाचं. लग्नानंतर दुसऱ्या दिवाळीला तिथून निघताना एका मेंढपाळाच्या कळपामागचं हे पिल्लू मी मागून घेतलं होतं. आता ती आठ-नऊ वर्षांची. मोठी झाल्यावर परका माणूस पाटाच्या पुलावर दिसला तरी ती वस्ती डोक्यावर घ्यायची.

दिवाळी झाली, ऊसतोड सुरू झाली. ऊस मोकळा व्हायला लागला की त्यात लपलेले बिबटे उघड्यावर पडतात आणि वस्त्यांकडे सरकतात, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. त्या दिवशी दिवेलागणीला नवरा धार काढत होता, कुत्री गव्हाणीजवळ बसली होती. मी स्वयंपाकघरातून ऐकलं ते भुंकणं नव्हतं. एखाद्या लेकराचं बोट दारात सापडावं तशी किंकाळी होती. मी बाहेर आले तेव्हा नवरा रिकामी बादली पत्र्यावर आपटत होता आणि सासरे फावडं घेऊन ओरडत धावत होते. बिबट्या मला दिसला नाही, फक्त हलणारा ऊस दिसला. कुत्री बांधावर पडली होती. मानेला दोन भोकं, त्यातून रक्त. मी ओढणी दाबून धरली आणि जनावरांचे डॉक्टर येईपर्यंत सोडली नाही.

ती वाचली. पण तिचं भुंकणं गेलं. ऊन उतरायला लागलं की ती उठून स्वयंपाकघरात यायची आणि ओट्याखाली अंग चोरून पडायची. सकाळी उजाडल्याशिवाय बाहेर नाही. मुलगी तिच्याशेजारी बसून पाढे म्हणायची, तेवढीच तिची शेपटी हलायची.

पंधरा-वीस दिवसांनी न्याहारीला बसल्यावर सासरे म्हणाले, "ती काय आता कामाची राह्यली न्हाई. दुसरं कुत्रं आनावं लागंल."

"आणू की, मामा," मी लगेच म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मला वाटलं, सून इतक्या पटकन हो म्हणाली याचं त्यांना नवल वाटलं असेल.

मग मी त्याच विचारात. सोबत मिळाली तर आमची कुत्री सावरेल की आणखीच बुजेल? वय झालेल्या कुत्रीला पिल्लाचा त्रास होईल का? नर आणावा की मादी? रोज संध्याकाळी नवऱ्यापुढे हाच विषय. तो मोबाईल बघत म्हणायचा, "आण तुला पाहिजे ते." डेअरीवर दूध घालणाऱ्या त्याच्या एका मित्राच्या कुत्रीला पिल्लं झाली होती. शाळा सुटल्यावर मुलीला घेऊन मी ती बघून आले. कपाळावर पांढरा ठिपका असलेलं एक काळं पिल्लू मुलीच्या चपलेचा बंद तोंडात धरून सोडेचना. तेच ठरलं. घरी येऊन मी जुन्या चादरीची चौघडी घालून गोधडी शिवली. शिवली! याचा मला अजून सगळ्यात जास्त राग येतो. मी टाके घालत होते आणि शेजारी बसलेल्या नवऱ्याला सगळं माहीत होतं.

रविवारी दुपारी कपडे वाळत घालायला गेले, तर नवरा गोठ्याच्या पलीकडे, उसाच्या अगदी कडेला, जमिनीत लोखंडी खुंटा ठोकत होता. बाजूला नवी साखळी पडली होती.

"हे काय?"

"कुत्र्याला," तो म्हणाला. मान वर केली नाही.

"इतक्या लांब? घर कुठं, गोठा कुठं?"

सासरे बाजेवर बसले होते. त्यांनी काही लपवलं नाही, तेवढं त्यांचं मानलं पाहिजे. शांतपणे म्हणाले, "गोठ्याच्या आधीच त्या जनावराला खायला घावलं, तर त्यो गोठ्यात कशाला यील? कुत्रं न्हेईल, जाईल. कालवड वाचंल."

मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा हातातला ओला टॉवेल खाली पडला.

"म्हणजे ते मरायला आणायचं?"

"मरायलाच असं न्हाई. आला तर. समद्या वस्त्यांवर हाय ही रीत."

"आणि बांधून? मोकळं असलं तर निदान पळेल तरी."

"पळालं तर उपेग काय त्याचा?"

असं बोलताना त्यांच्या आवाजात दुष्टपणा असता तर मला सोपं गेलं असतं. नव्हता. पावसाआधी कडब्याच्या गंजीवर प्लास्टिकचा कागद टाका, असं सांगावं तसं ते सांगत होते.

मी ओरडायला लागले. वर्गातही मी कधी एवढ्या मोठ्यानं ओरडले नव्हते. म्हणाले, "वनखात्याचे लोक पिंजऱ्यात शेळी ठेवतात, तिलासुद्धा वेगळा कप्पा असतो. तुम्ही तर सरळ ताट वाढताय!" म्हणाले, "गोठ्याला जाळी लावा. चारी बाजूंनी, वर पत्र्यापर्यंत. ते का नाही सुचलं?" सासरे म्हणाले, "जाळीला येळ लागतो. कुत्रं उद्या येतं."

आणि मग तेही तापले. उठून उभे राहिले. "कुत्र्यासाठी एवढं रडतीस. उद्या पोरगी अंगनात खेळत आसली अन् त्यो आला तर? मंग शिकिव मला!"

मुलगी दारात उभी राहून ऐकत होती. मला त्यांचा राग आलाच, पण ते पूर्ण खोटं बोलत नव्हते, याचा त्याहून जास्त आला. मी नवऱ्याकडे वळले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तुला वाईट वाटलं असतं..."

"म्हणून मला गोधडी शिवू दिली?"

मी साखळी उचलली, विहिरीपर्यंत चालत गेले आणि आत टाकली. मागून सासऱ्यांचा आवाज आला, "दुसरी मिळती."

"मिळू द्या. कुत्रं मिळणार नाही. या घरात आता दुसरं कुत्रं येणार नाही," मी म्हणाले, आणि त्याच पावली त्या मित्राला फोन करून पिल्लू नको म्हणून सांगितलं. मुलगी रडली. तिला मी खरं कारण सांगितलं नाही. म्हणजे तिच्याशी मीही तेच केलं, जे माझ्याशी झालं होतं.

नऊ दिवस मी नवऱ्याशी बोलले नाही. ताट वाढलं, चहा ठेवला, शब्द एक नाही. दहाव्या दिवशी तो वेल्डिंगवाल्याला घेऊन आला आणि गोठ्याला जाळी लागली. दारसुद्धा जाळीचं, आतून कडी. सासरे बाजेवरून बघत होते. "कोंबड्यांचं खुराडं झालं," एवढंच बोलले. मला वाटलं, मी जिंकले.

महिनाभरानं, शाळेच्या वाटेवर, पाटाच्या पलीकडच्या एका वस्तीसमोर मला ते पिल्लू दिसलं. कपाळावरचा ठिपका तोच. उसाच्या कडेला खुंटा, खुंट्याला साखळी, साखळीला ते. पाण्याचं पातेलं उपडं झालं होतं. स्कूटीच्या आवाजानं ते उठलं आणि साखळी ताणून उभं राहिलं.

मी थांबले नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्याही नाही. शाळेत मुलांवर खेकसले, घरी भांडी आपटली, त्या वस्तीवरच्या माणसांना मनात नाही नाही ते बोलले, पण स्कूटी थांबवली नाही. चौथ्या दिवशी थांबवली. ओसरीत एक म्हातारी सूप पुढ्यात घेऊन शेंगा फोडत बसली होती.

"आजी, हे कुत्रं तिथं का बांधलंय?"

"वाघासाठी," ती म्हणाली. आमच्याकडे बिबट्याला वाघच म्हणतात. "तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

"लाज नाही वाटत? एवढंसं पिल्लू!" मी पुन्हा ओरडायला लागले. सत्तरीच्या बाईवर, तिच्याच दारात. तिनं मला बोलू दिलं. शेंगा फोडायचं थांबवलं नाही.

मग म्हणाली, "तुमी त्या पुलाकडच्या मास्तरीनबाई ना? हे तुमच्याकडंच यायचं हुतं. तुमी नगं म्हनल्या, म्हनून आमच्याकडं आलं."

मी वळून पिल्लाकडे पाहिलं.

"माज्या दोन शेळ्या न्हेल्या त्यानं, गेल्या म्हैन्यात. तुमच्या गोठ्याला जाळी हाय. आमच्या शेळ्या त्या पत्र्याच्या आडोशाला. मी काय करू सांगा."

मी म्हणाले, "मला द्या ते."

ती गुडघ्यावर हात टेकून उठली, उसाच्या कडेला गेली आणि साखळी सोडून पिल्लू माझ्या हातात दिलं. त्याच्या गळ्याचे केस घासून गेले होते. "न्या. माजी पोरं उद्या दुसरं आनत्यात," ती म्हणाली. तिला माझा रागही आला नव्हता, हे मला सहन झालं नाही.

शाळेत फोन करून उशीर होईल म्हणून कळवलं आणि पिल्लू पिशवीत घालून, स्कूटीवर पायांपाशी ठेवून घरी आणलं. सासऱ्यांनी बघितलं. "त्या दिशी नगं म्हनत हुतीस ना?" म्हणाले. मी म्हटलं, "बांधायला नको म्हणत होते." त्यानंतर किती तरी दिवस ते माझ्याशी मुलीमार्फत बोलत होते. आमच्या कुत्रीनं पिल्लाचं स्वागत वगैरे काही केलं नाही. पहिल्याच संध्याकाळी ओट्याखाली घुसलं म्हणून तिनं त्याचा कान फाडला. गोधडीवर पिल्लू निजलं तर ती जमिनीवर, ती गोधडीवर तर ते जमिनीवर. मुलगी सोडून घरात कुणीच खूश नव्हतं.

आणि पुढच्याच आठवड्यात म्हातारीच्या वस्तीवरच्या खुंट्याला पिवळट रंगाचं दुसरं पिल्लू बांधलेलं दिसलं.

त्या संध्याकाळी मी नवऱ्याला सांगितलं. चिडून, ओरडून नाही. ओरडायची ताकदच राहिली नव्हती. "मी एक आणलं, त्यांनी दुसरं बांधलं. मी काय मिळवलं?" रविवारी सकाळी बघते तर आमच्या गोठ्याची उरलेली जाळी आणि चार जुने बांबू मोटरसायकलवर बांधून तो पाटाकडे निघाला होता. मीही मागे गेले. म्हातारीचे दोन्ही मुलगे आधी आखडूनच उभे होते, मग हात लावू लागले. जाळी दोनच बाजूंना पुरली. तिसऱ्या बाजूला पत्रा होता, चौथीला बाभळीच्या काट्या रचल्या. दुपारपर्यंत शेळ्या आत गेल्या.

नवऱ्यानं ते केलं म्हणून मी त्याला माफ केलं असं कुणी समजू नये. तो चांगला माणूस आहे आणि तो गप्प बसला होता, दोन्ही खरं आहे. गोधडीचा विषय निघाला की माझा आवाज अजून चढतो, आणि तो उठून गोठ्यात जातो.

त्या वस्तीवर पिवळं कुत्रं आता उसाच्या कडेला नसतं. ओसरीच्या खांबाला बांधतात. बांधतातच. येता-जाता मी स्कूटी थांबवते आणि म्हातारीला म्हणते, "आजी, संध्याकाळी सोडत जा त्याला, घरात घेत जा." ती म्हणते, "घेते." परवा पुन्हा विचारलं, खरंच घेता का. ती हसली आणि शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवून म्हणाली, "बसा. लई चिडता तुमी."

मी बसले नाही. शाळेची वेळ झाली होती.